पुस्तकांवर बोलायचं तर आधी चहाचं विचारा

वाचकांचा गट निघाला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी नियम लिहून टाकतं : 'इथे फक्त पुस्तकांविषयीच बोलावे.' सुप्रभात नको, वाढदिवस नकोत, कुणाच्या गावाकडे किती पाऊस झाला ते नको, जेवणात काय होतं ते तर नकोच. हेतू चांगला असतो. रोज सकाळी फुलांची आणि सुविचारांची चित्रं मोबाईलवर येऊन पडली की कामाचं बोलणं त्यात बुडून जातं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. तरीही मला हा नियम चुकीचा वाटतो. आणि सुरतेसारख्या शहरात, जिथे मराठी वाचक विखुरलेला आहे, दिवसभराच्या कामानं दमलेला आहे आणि आपल्या वाचनाबद्दल थोडा बुजलेलाही आहे, तिथे तर तो घातक वाटतो.

कारण सांगतो. पुस्तकाविषयी खरं मत देणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. एखादी गाजलेली कादंबरी साठाव्या पानावर मिटून ठेवली, पुढे वाचवेना, हे चारचौघांत सांगायला धीर लागतो. एखादी कविता तीनदा वाचूनही कळली नाही, हे सांगायला त्याहून जास्त लागतो. अनोळखी माणसांत आपण काय करतो? 'अप्रतिम', 'सुंदर', 'नक्की वाचा' एवढं म्हणून मोकळे होतो. त्यात खोटेपणा असतो असं नाही, ती सावधगिरी असते. समोरची माणसं आपल्याला हसतील का, अडाणी समजतील का, याचा अंदाज नसतो. तो अंदाज पुस्तकांवर बोलून येत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, मुलाला दहावीत किती मिळाले, गावी जायचं रिझर्वेशन मिळालं का, अशा बोलण्यातून तो हळूहळू येतो. ज्या ताईंनी सहा महिने आपल्या आईची विचारपूस केली, त्यांना 'मला हे पुस्तक आवडलं नाही' म्हणून सांगायला भीती वाटत नाही. मोकळं मत ओळखीतून येतं आणि ओळख अवांतर बोलण्यातून होते. अवांतराला बंदी केली की मागे फक्त स्तुती उरते. ती थोडे दिवस चालते आणि मग गट गप्प होतो.

सुरतेतला मराठी माणूस प्रामुख्यानं खानदेशातला : जळगाव, धुळे, नंदुरबारचा. 2011च्या जनगणनेत गुजरातेत मातृभाषा मराठी सांगणारे नऊ लाखांहून अधिक होते, आणि सुरत त्यांचं एक मोठं ठिकाण आहे. भुसावळजवळून वाहत आलेली तापी इथे समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून आलेल्या रेल्वेनं शंभराहून अधिक वर्षं माणसं इथे आणली. उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत दुकानांच्या पाट्या गुजरातीत आणि बाकड्यावरचं बोलणं अहिराणीत, असं नेहमी दिसतं. लूमच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. घराघरांत बायका साड्यांना टिकल्या आणि खडे लावतात. महापालिकेच्या मराठी शाळांतले शिक्षक आहेत, बँकांतले कारकून आहेत, रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहिणारे आहेत. या सगळ्यांत वाचणारी माणसं आहेत. पण त्यांना 'साहित्यप्रेमी' म्हटलं तर ती संकोचून जातील.

अशा माणसांच्या गटात बोलणं कसं चालतं? 'काय चाली राह्यनं भाऊ?' इथून सुरुवात होते. 'नाना, आज तुमच्याकडे लाईट गेली होती का?' 'हो ना ताई, दोन तास लूम बंद. म्हणून तर चाळीस पानं झाली.' 'कशाची?' आणि मग पुस्तक निघतं. नियमाच्या हिशेबानं पहिली दोन वाक्यं फाजील आहेत, पण तीच काढून टाकली तर चाळीस पानांची बातमी कुणालाच कळणार नाही. हा माणूस आपण होऊन, 'मी सध्या अमुक कादंबरी वाचत आहे' अशी घोषणा कधी करणार नाही. ते त्याच्या स्वभावात नाही, आणि आपलं वाचन जाहीर करण्यासारखं आहे असं त्याला आजवर कुणी जाणवूही दिलेलं नाही.

एकट्यानं, मुकाट्यानं, डोळ्यांनी वाचायची पद्धत आपल्याकडे नवी आहे. त्याआधी पुस्तक माणसांच्या मेळ्यातच उघडलं जाई. खानदेशातल्या गावांत पोथी लागायची. श्रीधरांचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि ऐकणारे मध्येच शंका विचारत. ओवी झाली की एखादी म्हातारी सुनेचं गाऱ्हाणंही सांगून घेई, आणि त्यामुळे पोथीचा मान कमी होत नसे. गुजरातेत माणभट्ट तांब्याच्या घागरीवर अंगठ्यांचा ताल धरून आख्यान सांगत. त्यांतला सर्वांत मोठा प्रेमानंद हा सतराव्या शतकातला बडोद्याचा कवी. पण त्याचा बराच काळ नंदुरबारात गेला आणि तिथेही त्यानं आख्यानं रचली. आज ज्या नंदुरबारातून माणसं पोटासाठी सुरतेला येतात, त्याच नंदुरबारात गुजरातीतला थोर आख्यानकवी श्रोत्यांसमोर बसत होता, हे सुरतेतल्या प्रत्येक मराठी मुलाला शाळेत सांगायला हवं.

आता सुरतेचीच गोष्ट. ती मराठी वाचकाला फारशी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्याला ठाऊक आहेत ते मराठीचे व्याकरणकार म्हणून. त्यांचं व्याकरण 1836 मध्ये निघालं. त्यानंतर काही वर्षं ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीला होते. तिथे त्यांची गाठ पडली दुर्गाराम मंछाराम या शिक्षकाशी, ज्यांना सगळी सुरत दुर्गाराम मेहताजी म्हणे. दुर्गारामांनी 1842 मध्ये सोबत्यांसह 'पुस्तक प्रसारक मंडळी' काढली होती. पुस्तकं लोकांपर्यंत पोचवावीत, एवढ्यासाठी उभी राहिलेली गुजरातेतली ही अगदी सुरुवातीची संस्था. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम मास्तर, दिनमणिशंकर आणि दामोदरदास अशी पाच जणांची मैत्री जमली. नावं 'द'नं सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना 'पाच दद्दे' म्हणत. या मैत्रीतून 22 जून 1844 रोजी 'मानवधर्म सभा' निघाली. ती रविवारी भरे. कुणीही येऊन बसावं. जातिभेद, विधवांचा विवाह, मंत्रतंत्र आणि भूतबाधा यांवर बोलणं होई. मांत्रिकांनी आपली सिद्धी सर्वांसमोर दाखवावी, असं आव्हान दुर्गारामांनी दिलं होतं.

ही सभा पुस्तकगट नव्हती, हे मान्य. पण तिच्या मुळाशी पुस्तकं वाटणारी माणसं होती. अनोळखी विचार घरात आला की तो माणसाला एकट्याला झेपत नाही, चारजणांत बसून तोलून पाहावा लागतो, म्हणून ती जमत होती. एक मराठी माणूस परक्या शहरात, गुजराती मंडळींत बसून हे करत होता. मराठी व्याकरणाचा पाया घालणाऱ्या दादोबांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. 1846 मध्ये त्यांनी सुरत सोडली आणि सभेचा जोर ओसरला. 1852 मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा थांबली. अशी मंडळं उद्दिष्टांच्या पत्रकावर उभी राहत नाहीत. एकमेकांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांवर ती टिकतात. दोन माणसं गावाबाहेर गेली की उद्दिष्टं तशीच असतात, सभा मात्र राहत नाही.

पुढे मुंबईत 1849 मध्ये परमहंस सभा निघाली. तिच्यामागेही दादोबा होते. पण ही सभा गुप्त होती. समाजाची धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. जातीचे नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकलं जाई, त्याच्या मुलीबाळींची लग्नं अडत. म्हणून दार लावून बैठका होत. 1860 मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटणार अशी भीती पसरली आणि सभा मोडली. त्या लोकांच्या धैर्याला मी नावं ठेवणार नाही. पण उघड्या दाराची सुरतेतली सभा आणि बंद दाराची मुंबईतली सभा शेजारी ठेवली की एक गोष्ट कळते. सुरतेत ज्याला पटत नसे तोही येऊन बसे आणि भांडून जाई. मुंबईत आत येणारा आधीच पटलेला असे. आजच्या वाचकगटांनाही बंद दाराचा मोह होतो. 'दर्जेदार वाचक'च घ्यायचे, आधी वाचलेल्या पुस्तकांची यादी मागायची, महिनाभर गप्प राहिला त्याला काढून टाकायचं. गप्प राहणारा माणूस वाचत नसतो, हे कुणी ठरवलं? पोथी ऐकणारे निम्मे लोक आयुष्यभर एक शब्द बोलले नसतील.

अवांतराची बाजू घ्यायला पुण्याचं रविकिरण मंडळही आहे. 1923 मध्ये जमलेली ही मंडळी रविवारी चहाला भेटत आणि कविता वाचून दाखवत. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे यांच्या कवितेवर पुढे टीका पुष्कळ झाली, काही योग्यही होती. पण अर्ध्या कच्च्या ओळी मित्रांपुढे वाचायची सवय त्या चहानं लावली, आणि त्यातून महाराष्ट्रभर जाहीर काव्यवाचनाची आवड पसरली. सभागृह, अध्यक्ष आणि आभारप्रदर्शन असतं तर कच्ची ओळ कुणी बाहेर काढली असती का?

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचं उदाहरण तर खानदेशी माणसाला अगदी घरचं आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांनी म्हटलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि एका आप्तानं उतरून ठेवल्या. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरीही आईची ती वही आचार्य अत्र्यांना दाखवायला बिचकत होते. भेटीत, बोलता बोलता, संकोचानं त्यांनी ती पुढे केली. अत्रे हरखून गेले आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. ही वही प्रकाशकाकडे अर्जासोबत गेली नाही, ती ओळखीच्या माणसाकडे गप्पांत गेली. कवीलासुद्धा जो संकोच वाटला, तो दिंडोलीतल्या गृहिणीला किंवा पांडेसऱ्यातल्या लूम कारागिराला वाटणार नाही का? त्यांच्याही घरात एखादी वही असेल. ती बाहेर यायची तर आधी चार दिवस भाजीच्या भावाचं बोलणं व्हायला हवं.

यावर आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. गप्पांनी वाचन उथळ होतं, असं म्हणतात. कादंबरीच्या रचनेवर, भाषेवर, लेखकाच्या भूमिकेवर नेटानं बोलायचं सोडून माणसं अंगठा दाखवून पुढे जातात, आणि समीक्षेची शिस्त अशानं मरते. यात तथ्य आहे. अवांतर बोलणाऱ्या सगळ्याच गटांत चांगलं वाचन होतं, असा माझा दावा नाही. काही गटांत फक्त अवांतरच राहतं. पण त्यावर उपाय बंदी हा नाही. उपाय एवढाच की गटातल्या दोघा-तिघांनी नेटानं, मन लावून लिहीत राहावं. 'ताई, तुम्ही म्हणालात शेवट पटला नाही. का नाही पटला?' असं कुणीतरी विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी. समीक्षा एका चांगल्या प्रश्नातूनही सुरू होते. तो प्रश्न ओळखीच्या माणसानं विचारला तर उत्तर मिळतं, परक्यानं विचारला तर ती परीक्षा वाटते.

नियम हवेतच, पण ते विषयांवर नकोत, वागणुकीवर हवेत. याबाबत मी अगदी ठाम आहे. बहुतेक मिश्र गटांत बायका हळूहळू गप्प होतात, आणि तो त्यांचा स्वभाव म्हणून सोडून दिला जातो. खरं कारण वेगळं असतं. एखाद्या बाईनं मत मांडलं की तिला समजावून सांगणारे चारजण पुढे येतात, आणि रात्री अकरा वाजता कुणीतरी वैयक्तिक निरोप धाडतं. अशा निरोपाबद्दल गट चालवणाऱ्यानं पहिल्याच वेळी, सर्वांसमोर, स्पष्ट शब्दांत बोलायला हवं. धर्मावरून किंवा जातीवरून कुणाला हिणवलं, तरीही तसंच. सुप्रभात म्हणणाऱ्याला समज देणारे चालक मी पुष्कळ पाहिले आहेत. बाईला नको ते निरोप पाठवणाऱ्याला बाहेर काढणारे त्या मानानं फार थोडे.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. सुरतेत वाढलेली पोरं मराठी बोलतात, पण शाळा गुजराती, हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची. ती मराठी लिहितात तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, 'माझ्याकडे' ऐवजी गुजरातीच्या वळणाचं काहीतरी येतं, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं जातं. अशा मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा मराठी पुस्तकावर पाच ओळी लिहाव्यात आणि एखाद्या काकांनी खाली तिच्या चुका दुरुस्त करून टाकाव्यात, हे थांबलं पाहिजे. ती मुलगी परत लिहिणार नाही. तिच्या पाच ओळींना पाच ओळींचं उत्तर द्या, शुद्ध मराठीत द्या. पुढच्या खेपेला तिचंही लिहिणं आपोआप सुधारलेलं दिसेल. अहिराणीत कुणी लिहिलं तर ती घरचीच भाषा आहे, तिला कुणी 'प्रमाण मराठीत लिहा' म्हणू नये.

पुस्तकं मिळवायची कशी, हा प्रश्न उरतोच. मराठी पुस्तक इथे अनेकदा गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून येतं. या बाबतीत शेजारचा इतिहास उपयोगी आहे. सुरत इंग्रजांकडे होती, पण जवळचं नवसारी गायकवाडांच्या राज्यात होतं. सयाजीराव गायकवाड जन्मले मालेगावजवळच्या कवळाण्यात, म्हणजे खानदेशाच्या उंबऱ्यावरच. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावोगाव पेट्यांतून पुस्तकं फिरत. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी 2009 मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, तीही पेटीचीच कल्पना, आणि ती परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली. पेटी चालते ती कुणीतरी ती आपल्या घरात ठेवतं म्हणून. शेजारी पुस्तक न्यायला येतात, दोन घटका बसतात, परत करताना कसं वाटलं ते सांगतात. ते बसणं वजा केलं तर पेटी ही फक्त एक पेटी आहे. उधन्यात अशी पेटी ठेवायची तर मी ती सर्वांत जास्त वाचलेल्या माणसाकडे ठेवणार नाही. ज्याच्या घरी लोक सहज चहाला थांबतात त्याच्याकडे ठेवीन.

ज्यांचे हात दिवसभर टिकल्या लावण्यात गुंतलेले असतात, त्यांच्यासाठी तर मोबाईलनं पोथीच परत आणली आहे. कुणीतरी रोज रात्री चार पानं आवाजात वाचून पाठवावीत. हात कामात राहतात, कान मोकळे असतात. दुसऱ्या दिवशी 'काल त्या मास्तरांचं पुढे काय झालं?' असं विचारणं आलं की समजावं, पुस्तक पोचलं.

एक काम मात्र या गटांत होत नाही, आणि ते व्हायला हवं. मानवधर्म सभेत काय बोलणं झालं हे आपल्याला आज कळतं, कारण दुर्गारामांनी ते वहीत टिपून ठेवलं होतं. त्या आधारावर महिपतराम रूपराम यांनी 1879 मध्ये त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं. वही नसती तर आज आपल्याला पाच मित्रांची नावं तेवढी माहीत असती. आपलं बोलणं फोन बदलला की जातं, जागा भरली की आपणच पुसतो. सुरतेत लूमच्या पाळीवरून आलेल्या माणसानं कोणतं मराठी पुस्तक वाचलं, त्याला त्यात काय खटकलं, त्याच्या बायकोनं ऐकून काय म्हटलं, याची नोंद दुसरं कोण ठेवणार? प्रत्येक गटात एकानं महिन्याकाठी वहीची दोन पानं लिहावीत : कोणी काय वाचलं, कोणाशी कशावरून वाद झाला, पेटीतलं कोणतं पुस्तक परत आलं नाही. आणि लाईट गेली म्हणून कोणाची किती पानं झाली, तेही लिहावं.